खोकल्यासह खरी नक्कल

माझ्या डोक्यावरच्या घरात सध्या जे कुटुंब राहते, त्याच्याविरुद्ध गेल्या चौदा महिन्यांत मला एकही अर्ज करता आलेला नाही. ते अनवाणी चालतात, खुर्च्या उचलून ठेवतात आणि टाकी भरली की मोटार स्वतः खाली येऊन बंद करतात. अशा लोकांशी कोणत्या कलमाखाली संबंध ठेवावा हे मला कळत नाही. त्यांच्याआधी तेथे जे गृहस्थ राहत होते, त्यांच्याविरुद्ध मी सहा वर्षांत एकतीस अर्ज केले. त्यांतील प्रत्येक अर्ज त्यांच्याच हस्ताक्षरात आहे.

हे वाक्य चुकून लिहिलेले नाही. खुलासा करतो.

मी एका सरकारी उपक्रमाच्या विधी विभागातून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माझ्या उजव्या हाताला कंप सुटला. हैदराबादेतील आमच्या नारायणगुड्यात पदपथ दुकानदारांनी गिळलेले, रस्ता खोदणारे खोदून गायब झालेले, दुचाकीवाले उलट्या दिशेने येऊन आपल्यालाच शिव्या देणारे. लिहिण्यासारखे एवढे पडलेले असताना हाताने असहकार पुकारावा, याचा मला जो संताप आला तो व्यक्त करण्यासाठीही हातच लागत होता. टंकलेखन मला मान्य नाही. छापील तक्रार ही तक्रार नसते, ते परिपत्रक असते. म्हणून मी लिहीत राहिलो आणि कार्यालये माझी पत्रे ‘अवाच्य’ असा शेरा मारून परत करीत राहिली.

अशा दिवसांत एका रविवारी सकाळी साडेनऊ वाजता वरच्या घरात कोणीतरी ड्रम बडवू लागले. माझ्या कपाटातील काचेचे पेले सरकत सरकत कडेला आले. वरच्या दारावरील पाटी मराठी आडनावाची होती, म्हणून मी दीड पानी अर्ज मराठीत लिहिला आणि दाराखालून सरकवला. तासाभराने माझी घंटा वाजली. दारात सत्तरीचा, सडपातळ, मानेतून किंचित वाकलेला माणूस उभा. पांढरा सदरा, खिशात तीन पेने, हातात माझा अर्ज.

“साहेब, हा तुमचा आहे ना?”

“माझाच आहे. आणि तुमच्याविरुद्ध आहे.”

“हौ, तेवढं कळालं. बाकीचं वाचता येईना.” त्यांनी बगलेतील फायलीतून दोन कागद काढले. “म्हणून सुवाच्य करून आणलंय. असल आणि नक्कल ताडून बघा, खाली सही करा. तुमच्या अक्षरात पुढं पाठवलात तर कुणी वाचणार नाही. एवढी चांगली तक्रार वाया जाईल.”

मी कागद पाहिले. समास सरळ, ओळी आखल्यासारख्या, अक्षर असे की त्यात लिहिलेला आरोप आरोपीलाही मान्य व्हावा. दुसऱ्या परिच्छेदात मी ‘असह्य’ हा शब्द लिहून, खोडून, पुन्हा लिहिला होता. त्यांनीही तो लिहून, खोडून, पुन्हा लिहिला होता.

“हे खोडलेलं कशाला घेतलंत?”

“असल में है तो नक्कल में आना, साहेब. आमच्या खात्याचा कायदा आहे.”

त्यांचे खाते म्हणजे शहरातील एका न्यायालयाचा नक्कल विभाग. तेथे ते छत्तीस वर्षे नकलनवीस होते. निकालपत्रे, जबाब, वाटण्यांचे कागद, घटस्फोटांचे हुकूम. जे समोर येईल ते उतरवून काढायचे आणि खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा. मुळात चूक असेल तर ती चूकही उतरवायची, सुधारायची नाही. पुढे झेरॉक्सची यंत्रे आली तेव्हा त्यांना मुकाबल्याला बसवले. एकाने मूळ वाचायचे, दुसऱ्याने नक्कल पाहायची. यंत्रालाही मुकाबला लागतो, असे त्यांचे ठाम मत होते. “मशीन पानाची कड खाते, साहेब. कडेलाच तर लोक महत्त्वाचं लिहितात.”

मी सही केली. ड्रम थांबले नाहीत. पण त्या दिवसापासून माझी सर्व पत्रे त्यांच्या हातची जाऊ लागली. पाणीपुरवठा, वीज, टपाल, बँक. सहा वर्षांत एकाही कार्यालयाने ‘अवाच्य’ म्हटले नाही. काही कार्यालयांनी उत्तरे दिली. एकाने तर गटारावर झाकण बसवले. त्या दिवशी मी त्यांना बातमी सांगायला वर गेलो, तर ते म्हणाले, “काय लिहिलं होतं त्यात?”

“तुम्हीच उतरवलंत की!”

“उतरवलं. वाचलं नाही. नकलणारा वाचत नाही, साहेब. वाचायला लागला की सुधारायला लागतो.”

हा माणूस जगातील प्रत्येक वस्तूकडे एक मूळ आणि एक नक्कल या नात्याने पाहत असे. कोपऱ्यावरील इराणी हॉटेलात ते चहा मागत नसत. “कालच्याबरहुकूम,” एवढेच म्हणत. आणि पहिला घोट घेऊन, फरक असेल तर, गल्ल्यावरील माणसाला फरक सांगून येत. केस कापायला जाताना खिशात स्वतःच्या डोक्याचा फोटो असे. शेजारच्या एका बाईंनी आपल्या दिवंगत सासूबाईंची पाककृतींची वही त्यांच्याकडून उतरवून घेतली. नक्कल मिळाली तेव्हा बाईंना रडू आले, कारण काळ्या मसाल्याच्या पानावर मुळात जेथे तेलाचा डाग होता तेथे यांनी पेन्सिलीने डागाची अचूक कड काढून आत बारीक अक्षरात लिहिले होते: ‘येथे तेल.’

आता त्या ड्रमकडे येतो. सहा वर्षांत माझ्या झोपेचे, वाचनाचे आणि रक्तदाबाचे जे नुकसान झाले, त्याचे मूळ एका दाव्यात आहे.

कॅसेटच्या जमान्यात हिमायतनगरातील एका घरमालकाने आपल्या भाडेकरूवर दावा लावला की, हा इसम रोज मोठ्याने परदेशी संगीत लावून शांततेचा भंग करतो. पुरावा म्हणून ती कॅसेटच न्यायालयात दाखल झाली. प्रतिपक्षाने पुराव्याची नक्कल मागितली. अर्जावर कोणीतरी नेहमीप्रमाणे ‘नक्कल द्यावी’ असा शेरा मारला आणि कॅसेट या गृहस्थांच्या टेबलावर आली.

दुसरा कोणी असता तर शेजारच्या दुकानातून दुसरी कॅसेट भरून आणली असती. यांनी विचार केला की, नक्कल म्हणजे कागद. कागदाशिवाय शिक्का कोठे मारायचा? त्यांनी कोठून तरी टेपरेकॉर्डर आणि हेडफोन मिळवले, अभिलेखांच्या खोलीत बसले आणि कॅसेट उतरवू लागले. तोपर्यंत त्यांनी भजने आणि रेडिओवरील गाणी याखेरीज काही ऐकले नव्हते. ती कॅसेट म्हणजे इंग्लंडातील चौघांच्या एका रॉक बँडचा उघड्या मैदानावरील जलसा. (बँडचे नाव लिहीत नाही. लिहिले तर त्याचे चाहते मला पत्रे पाठवतील, आणि त्यांच्यात व माझ्यात पत्रे पाठवण्याचे काम माझे आहे.) ते ऐकत आणि न्यायालयाच्या इंग्रजीत लिहीत. शब्द, त्यामागचे शब्द, टाळ्या, शिट्ट्या. ‘तिसऱ्या गीतात, दुसऱ्या कडव्यानंतर, खोकला, एक, पुरुषाचा.’ ‘गिटारची तार तुटते. गायक काही बोलतो. लोक हसतात. बोलणे कळत नाही.’ एकोणीस दिवस लागले. फुलस्केपची बेचाळीस पाने झाली. दरम्यान मालक आणि भाडेकरू यांची तडजोड झाली, दावा निकाली निघाला, कॅसेट ज्याची त्याला परत गेली. पण हे गृहस्थ तोवर अठ्ठाविसाव्या पानावर होते आणि त्यांनी भाडेकरूच्या घरी जाऊन, कॅसेट ऐकून पुढची पाने पूर्ण केली. भाडेकरूने त्यांना चहा पाजला, कॅसेटची प्रत भरून दिली आणि सांगितले की शहरात या बँडवर जीव टाकणारी आणखी सातआठ माणसे आहेत.

अशा रीतीने एक नकलनवीस चाहता झाला. मी त्यांना एकदा विचारले, गाणी आवडतात का? त्यांनी खिशातील एका पेनाचे टोपण काढून पुन्हा लावले. मग म्हणाले, “आवडतात की नाही ते वेगळं. मला ती पाठ आहेत, साहेब. खोकल्यासकट.”

चाहत्यांचे मंडळ वाढत गेले. त्यात जुन्या हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यातून आलेल्या शेतकरी घरांतील माणसे होती, तशीच पुण्यामुंबईहून संगणकाच्या नोकऱ्यांसाठी आलेली तरुण मंडळीही. रविवारी त्यांपैकी कोणीतरी वरच्या घरात ड्रम वाजवून ठोके नकलेशी ताडून पाही, आणि दरवर्षी एकदा सगळी आमच्या गच्चीवर जमून कॅसेट ऐकत. मी पहिल्या वर्षी निषेध नोंदवायला म्हणून गेलो आणि चकित होऊन उभा राहिलो. कोणी नाचत नव्हते. पंधरावीस माणसे सतरंजीवर मांडी घालून बसलेली; प्रत्येकाच्या हातात त्या बेचाळीस पानांची झेरॉक्स; आणि जेथे मुळात टाळ्या होत्या तेथेच, तेवढ्याच टाळ्या ही मंडळी वाजवत होती. नामपल्लीत टायरचे दुकान चालवणारे शेषराव नावाचे धिप्पाड गृहस्थ खोकल्याचे मानकरी होते. त्या दिवशी त्यांना खरोखरच सर्दी झाली होती आणि ते चुकीच्या जागी खोकले.

“दोन ओळी आधी,” नकलनवीस पेन्सिलीने टीप करीत म्हणाले.

“अरे बाबा, आतून आला!” शेषराव कळवळून म्हणाले. “घशाला काय तुमचं पान दिसतंय का?”

“मग आतला दाबा आणि कागदावरचा काढा.”

कॅसेटचा शेवट विलक्षण होता. त्या मैदानाजवळच्या कोणा रहिवाशाने आवाजाविरुद्ध तक्रार केली होती आणि शेवटचे गीत चालू असताना एक अधिकारी मनाईचा कागद घेऊन स्टेजवर चढला. टेपवर त्याच्या बुटांचे अकरा आवाज येतात, कागद फडफडतो आणि गायक एका ओळीच्या मध्यावर थांबतो. मग टेप संपते. बँड पुढे फुटला, ते गीत पुन्हा कोठेही गाइले गेले नाही, रेकॉर्डवरही आले नाही. म्हणजे त्या ओळीचा पुढचा अर्धा भाग जगात कोणालाही ठाऊक नाही. चाहत्यांच्या दृष्टीने ही अर्धी ओळ म्हणजे त्या जलशाचे वैभव होते. ती आली की सगळे स्तब्ध होत आणि मग टाळ्यांचा कडकडाट.

फक्त नकलनवीस टाळ्या वाजवत नसत. टेप खट्‌कन बंद झाली तरी त्यांची पेन्सिल कागदाच्या वर, बोटभर अंतरावर, तशीच राही. मी विचारले, “कशाची वाट पाहता?”

“पुढच्या शब्दाची,” ते म्हणाले. “बेचाळिसाव्या पानावर पाच ओळी रिकाम्या आहेत, साहेब. चाळीस वर्षं झाली.”

मग मंडळाने ठरवले की जलसा पुन्हा उभा करायचा. टेपने नाही, माणसांनी, वाद्यांनी, मुळाबरहुकूम. पुण्याहून आलेला ओंकार नावाचा अभियंता गायक झाला, त्याच्या कचेरीतील तिघे वाजवायला आले. त्या तिघांपैकी एकालाही मराठी धड वाचता येत नसे, पण ती बेचाळीस पाने इंग्रजीत होती आणि ती त्यांना वेदाप्रमाणे मुखोद्गत झाली. हे सर्व मुकाबल्यासाठी वरच्या घरात येत. तार कोणत्या सुरावर तुटली पाहिजे यासाठी त्यांनी माझ्या डोक्यावर किती तारा तोडल्या ते मी मोजलेले आहे, पण येथे लिहीत नाही. नारायणगुड्यातीलच एका शाळेचे सभागृह मिळाले, रविवारी दुपारी चारची वेळ ठरली, कारण मूळ जलसाही दुपारचाच होता. परवानगी मिळाली. आणि शेवटच्या महिन्यात ड्रम रोज सकाळी वाजू लागले.

यावर मी जो अर्ज केला तो एकतिसावा. या वेळी मी तो परवानगी देणाऱ्या कार्यालयालाच, इंग्रजीत लिहिला. माझी मागणी एवढीच होती की, घरातील तालीम बंद व्हावी. परंतु जो मनुष्य बत्तीस वर्षे करारनाम्यांचे मसुदे लिहितो, त्याला एवढेच लिहिता येत नाही. पळवाट राहू नये या सवयीने मी लिहिले: ‘उक्त ध्वनी, तसेच त्यास पूरक, आनुषंगिक अथवा त्यातून उद्भवणारे सर्व कार्यक्रम, स्थळ कोणतेही असो.’ त्या वाक्यावर मी दोन दिवस खूश होतो. नकलनवीसांनी ते सुंदर अक्षरात उतरवले, मी सही केली, त्यांनीच अर्ज जाताजाता पोस्टात टाकला.

माझ्या आयुष्यातील हा पहिला अर्ज, ज्यावर आठवड्याच्या आत कारवाई झाली.

मंगळवारी सभागृहाच्या पत्त्यावर नोटीस आली. रविवारच्या कार्यक्रमाची परवानगी रद्द. यानंतर जे घडले ते दुसऱ्या कोणत्याही मंडळात घडले नसते. शेवटच्या दृश्यासाठी नकलनवीस मनाईच्या कागदाची नक्कल तयार करीत आहेत, हे सर्वांना ठाऊक होते. मुळाचा फोटो कोणा जुन्या मासिकात आला होता. त्यामुळे खरी नोटीस हातात पडताच शेषरावांनी मजकूर न वाचता तिचा शिक्काच डोळ्यांजवळ धरला आणि त्यांना भरून आले.

“काय काम केलंय, हौला माणूस आहे आपला, पुरता येडा!” ते म्हणाले. “शिक्का बघा! जरासा वाकडा मारलाय, खऱ्यासारखा!”

ओंकारने फोटो काढून मंडळाच्या गटावर टाकला. शंभर जणांनी अंगठे उचलले. कोणीतरी नोटीस प्लास्टिकमध्ये मढवून आणली. बुधवार गेला, गुरुवार गेला. नकलनवीस मोबाईल वापरत नसत. शुक्रवारी सायंकाळी शेषराव ती मढवलेली नोटीस घेऊन त्यांचे अभिनंदन करायला आले तेव्हा मीही वर होतो, ड्रमच्या संदर्भात.

नकलनवीसांनी ती उजेडाकडे धरली. नखाने कडेवर टकटक केले.

“ही माझी नाही,” ते म्हणाले. “ही असल आहे.”

शेषराव हसले. मग ते हसायचे थांबले. मी कागद ओढून घेतला आणि त्यात माझे वाक्य वाचले. पूरक, आनुषंगिक अथवा उद्भवणारे. स्थळ कोणतेही असो. अधिकाऱ्याने ते शब्दशः उचलले होते. एवढा आदर माझ्या मसुद्याला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

“कोण हा कमीना तक्रारदार?” शेषराव गरजले. “नाव बघा की!”

“मी,” मी म्हणालो.

शेषरावांच्या चेहऱ्याचे वर्णन मी करणार नाही. नकलनवीस मात्र खिडकीजवळ उभे राहून चष्मा पुसत होते. ते पाहून माझा सगळा संताप त्यांच्यावरच उसळला.

“तुम्ही उतरवलंत ते! स्वतःच्या हातानं! एकदा तरी वाचायचं होतं!”

“वाचलं असतं तर दोन शब्द गाळले असते,” ते शांतपणे म्हणाले. “मग तुमचा अर्ज तुमचा राहिला नसता, साहेब.”

मी त्यांच्याच टेबलाशी बसून तक्रार मागे घेतल्याचा मसुदा केला. निवृत्तीपूर्वी अथवा निवृत्तीनंतर मी एकही कागद मागे घेतलेला नाही. त्यामुळे तसला मसुदा कसा सुरू करावा हेच मला सुचेना. अर्धे पान झाले. मी ते त्यांच्यापुढे सरकवले. “उतरवा. सकाळी नेतो.”

त्यांनी हात मागे घेतला. “हा नाही उतरवणार.”

“का?”

“तो माझ्याविरुद्ध होता, तो उतरवला. हा माझ्या फायद्याचा आहे. फायद्याच्या कागदाला हात लावायचा नाही. हात आपोआप सुंदर लिहितो.”

“अहो, उद्या शनिवार आहे! परवा तुमचा जलसा आहे!” शेषराव ओरडले. “तत्त्वं सोमवारी पाळा की!”

“नक्को,” ते म्हणाले. आणि आमच्या दोघांकडे पाठ करून स्वयंपाकघरात गेले. भांड्याला भांडे लागल्याचा आवाज आला. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. मी आत पाहिले तर चहाचे आधण उकळून आटत होते आणि ते गॅससमोर नुसते उभे होते. चाळीस वर्षे जे केवळ कानांत होते ते परवा डोळ्यांसमोर उभे राहणार होते, आणि ते राहणार नाही हे त्यांना समजले होते. तरीही त्यांनी पेन उचलले नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी माझ्या अक्षरातील अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. परवान्याच्या टेबलावर एक तरुण बाई होत्या. त्यांनी कागद सरळ धरला, मग उलटा धरला.

“क्या लिखे सर ये? चींटियाँ चले सरीखा है.”

“मी तक्रार मागे घेत आहे,” मी हिंदीत म्हणालो.

“वो तो ठीक, लेकिन फाइल में क्या लगाऊँ? पढ़ के सुनाओ, मैं लिख लेती.”

माझ्यामागे रांगेत सातआठ माणसे होती. लग्नाचा मंडप, गणपतीची कमान, फटाक्यांचे दुकान. त्या सर्वांसमोर, उभ्याने, मी स्वतःचा कागद वाचला. त्यात असे होते की माझी तक्रार एका घरातील तालमीपुरती होती. परंतु मी ती लिहिताना शब्दांच्या लोभाने तिची व्याप्ती वाढवली. आणि त्यामुळे ज्यांनी माझे काही वाकडे केले नाही त्यांचे नुकसान होत आहे. माझा आवाज, खोटे कशाला लिहू, कापत होता. हातामुळे असेल.

बाईंनी मान वर केली. “मतलब आप की कंप्लेंट झूठी थी?”

“झूठी नहीं थी!” मी जोराने म्हणालो. “ज्यादा थी!”

मागचा मंडपवाला फस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सावकाश लिहिले, मला सही करायला लावली, आत गेल्या आणि पाऊण तासाने बाहेर आल्या. सहाच्या आत संपवणे आणि आवाज मर्यादेत ठेवणे, या अटींवर परवानगी पूर्ववत.

मी कागद वर नेऊन दिला. नकलनवीसांनी तो दोनदा वाचला. आभार मानले नाहीत. म्हणाले, “उद्या मनाईचा कागद घेऊन स्टेजवर जायला माणूस पाहिजे. ठरला होता त्याला शेषरावांनी बदलायला लावलंय.”

“का?”

“म्हणतात, आमच्यात कुणाचा चेहरा तसा नाही.”

“तसा म्हणजे कसा?”

“अर्ज दिल्यासारखा.”

रविवारी सभागृहात दोनशे माणसे असतील. अधिक लिहिण्याची मला सवय आहे, पण या प्रकरणानंतर मी आकडे कमीच धरतो. पडद्याआडच्या अंधारात बंद गळ्याचा कोट घालून मी उभा होतो. हातात नकलनवीसांनी दिलेले सीलबंद पाकीट. पहिल्या रांगेत ते स्वतः बसले होते, मांडीवर बेचाळीस पाने, हातात पेन्सिल. गीते झाली. शेषराव खोकले, बरोबर जागी, आणि त्यांच्या बाजूची माणसे इतकी आनंदली की त्यांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या, कारण तेथे मुळात टाळ्या नव्हत्या. तार तुटली. ओंकार मूळ गायकाप्रमाणे न कळेल असे काहीतरी बोलला आणि दोनशे माणसे हसली. मला ते संगीत आवडले असे मी म्हणणार नाही. पण इतकी माणसे एका जुन्या दुपारची एवढी काळजी घेताना मी पाहिली नव्हती.

शेवटचे गीत सुरू झाले. ठरल्या ओळीला मी निघालो. अकरा पावले. स्टेजच्या मध्यभागी पोचलो, पाकीट फोडले, कागद फडफडवला. पुढे मी हात वर करायचा आणि ओंकारने अर्ध्या ओळीवर थांबायचे.

परंतु माझ्या हातात आदेश दिल्यावर मी तो वाचणार नाही, हे शक्य नाही. शिरोभाग बरोबर. विषय बरोबर. कलम आहे. दिनांक आहे. आदेशाची भाषा ढिसाळ, पण पुरेशी. शेवटी ‘अधिकारी’ हा शब्द, आणि त्यावरील जागा कोरी. मी कागद उजेडात तिरका धरला. कोरी.

सही नसलेला आदेश बजावता येत नाही. ही सूट देण्याची बाब नाही.

ओंकार अर्ध्या ओळीला आला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी हात वर केला नाही. त्याचे डोळे विस्फारले. मी मान हलवली, नाही. आणि त्याला हाताने खूण केली की चालू द्या. पोराच्या चेहऱ्यावर जे भय उमटले ते मी विसरणार नाही, कारण त्याच्यापाशी पुढचा शब्द नव्हता. जगात कोणापाशीच नव्हता. एक क्षण त्याचे तोंड नुसते उघडे राहिले. मग त्याने काहीतरी गाइले. ते इंग्रजी होते की मराठी, कोण जाणे. पण ओळ पुरी झाली. ड्रमवाला दचकला, सावरला, पुढे गेला. सभागृहात कोणीतरी किंचाळले आणि सगळी माणसे उभी राहिली.

मी स्टेजवरून उतरलो आणि तरातरा पहिल्या रांगेशी गेलो. सगळे उभे असताना ते एकटेच बसलेले होते, पानावर ओणवे होऊन. पेन्सिल भराभर चालत होती. त्या पाच रिकाम्या ओळी भरून ते समासात शिरले होते.

“यावर सही नाही!” मी त्यांच्या कानाशी ओरडलो. “मुळातच नव्हती का?”

“मुळात आहे,” ते मान वर न करता म्हणाले. “ठसठशीत आहे.”

खोडलेला शब्दही न गाळणाऱ्या माणसाचा तो कागद हातात धरून मी तसाच उभा राहिलो. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा कोट धरून मला बाजूला सारले. मी त्यांच्या आणि स्टेजच्या मध्ये आलो होतो, आणि ओंकार अजून गात होता.